घरी टायपिंग स्पीड ४२, परीक्षेच्या हॉलमध्ये २६. हात का बंद पडले?

संत्र्याच्या_गावची

नमस्कार. इथलं नेहमी वाचते, लिहून मात्र पहिल्यांदाच राहिली, लांब झालं तर सांभाळून घ्या.

मी नरखेडकडची. दोन वर्षांपासून नागपुरात आहे, मानेवाड्याला आम्ही तिघी मिळून रूम केली आहे. लिपिक-टंकलेखकची तयारी चालू आहे. मागच्या भरतीत लेखी निघाली, मार्क पण चांगले होते, मग टायपिंगची चाचणी होती. मराठीला मिनिटाला ३० शब्द पाहिजे. माझा मराठीचा स्पीड रूमवर ४२ च्या खाली येतच नाही, सर्टिफिकेट मराठी-इंग्रजी दोन्हीचं आहे, म्हणजे या बाजूचं मला टेन्शनच नव्हतं, सगळं टेन्शन लेखीचं होतं.

चाचणीच्या दिवशी हॉलमध्ये चाळीसेक कॉम्प्युटर, एसी फुल, उतारा समोर आला, घड्याळ सुरू झालं. पहिल्या दोन ओळी बरोबर गेल्या. तिसऱ्या ओळीत एक जोडाक्षर चुकलं. बॅकस्पेस मारला, परत चुकलं. आणि मग काय झालं मला समजलंच नाही, मी बोटांकडे पाहायला लागली. 'ळ' कुठे आहे तेच आठवेना. रोज शंभरदा दाबते ते बटण! आजूबाजूच्या सगळ्यांचे कीबोर्ड असे वाजत होते की टिनावर पाऊस पडून राहिला जसा, आणि मला एवढंच दिसत होतं की सगळे पुढे गेले. हात बर्फासारखे गार. २६ आला. बाहेर आल्यावर एक तास बस स्टॉपवर बसली होती, घरी फोन कसा लावायचा म्हणून.

बाबांचा पाच एकर संत्रा आहे, यंदा फळगळ फार झाली. ते कधी रागावत नाहीत, फक्त म्हणतात 'तुझं एकदा झालं की सगळं सुटते बेटा.' भाऊ म्हणतो तू मन लावून करत नाहीस. मामा म्हणतात सिलेक्शन झालं की स्कूटी देतो. रूममेट रोज मोटिवेशनचे व्हिडिओ पाठवते, पाहिले की तासभर बरं वाटते आणि रात्री त्याहून वाईट वाटते.

आता दुसऱ्या एका भरतीत पुन्हा लेखी निघाली आहे, सात आठवड्यांनी चाचणी. माझा प्रश्न एवढाच आहे की हे नेमकं काय झालं? माझ्यात मनाची ताकद कमी आहे का? प्रॅक्टिस अजून वाढवू का, सध्या रोज दोन तास करते. आणि एक मैत्रीण म्हणते, हात थरथरू नये म्हणून एक गोळी येते, ती घे. घेऊ का?

सक्करदऱ्याच्या_काकू

बेटा, मी अठ्ठावीस वर्षं टायपिंगचा क्लास चालवून राहिली, आधी मशीन होत्या, आता कॉम्प्युटर. तुझ्यासारख्या मुली दरवर्षी येतात, मुलं पण येतात. सगळ्यात आधी हे ऐक, ज्याचा हात कच्चा आहे त्याचं असं होत नाही. कच्चा हात घरी पण ३० आणि तिकडे पण २८. घरी ४२ आणि तिकडे २६ होते ते पक्क्या हातवाल्याचंच.

आता मला सांग. घरी कोणता कीबोर्ड आहे, लॅपटॉपचा की वेगळा? लेआउट, म्हणजे अक्षरांची मांडणी, रेमिंग्टन की इनस्क्रिप्ट? प्रॅक्टिसला बॅकस्पेस वापरतेस का? आणि प्रॅक्टिस करताना कोणी जवळ बसते का की दार लावून करतेस?

जुन्या मशीनवर एक चांगलं होतं. अक्षर चुकलं की चुकलं, कागद पुढे सरकला, चूक मागे राहिली आणि मुलगी पुढे गेली. आता बॅकस्पेस आल्यापासून मुली चुकीपाशी परत येतात, तिथेच उभ्या राहतात. माझ्या डोळ्यांनी पाहिलं आहे मी हे, चूक एका अक्षराची असते आणि नुकसान चार ओळींचं होते.

संत्र्याच्या_गावची

काकू, लॅपटॉपवर करते, त्याच्या की एकदम मऊ आहेत. सेंटरवरच्या जुन्या आणि कडक होत्या. लेआउट रेमिंग्टन. बॅकस्पेस खूप वापरते, मला चूक दिसली की पुढे जाताच येत नाही. आणि हो, दार लावून, कानात हेडफोन लावून करते, रूममेट आवाज करतात म्हणून.

शिकवते_मानसशास्त्र

मी इथल्याच एका कॉलेजमध्ये मानसशास्त्र शिकवते. तुझं वर्णन वाचून मला राहवलं नाही, कारण 'ळ कुठे आहे तेच आठवेना' या एका वाक्यात तू सगळं सांगून टाकलंस.

अमेरिकेत गॉर्डन लोगन नावाचे मानसशास्त्रज्ञ आहेत, त्यांनी टायपिंगवरच खूप काम केलंय. २०१४ मध्ये त्यांच्या गटाने सराईत टायपिंग करणाऱ्यांना कोऱ्या कीबोर्डचं चित्र दिलं आणि कोणतं अक्षर कुठे ते लिहायला सांगितलं. ही मंडळी मिनिटाला सत्तरेक शब्द टाईप करणारी. २६ पैकी सरासरी १५च्या आसपास अक्षरं त्यांना बरोबर सांगता आली, बस. म्हणजे अक्षर कुठे आहे हे त्यांच्या बोटांना माहीत होतं, त्यांना स्वतःला नाही! त्याआधी २००९ च्या प्रयोगात टायपिस्टना सांगितलं की शब्दातली फक्त एका हाताची अक्षरं दाबा. त्यासाठी हातांवर लक्ष ठेवावं लागलं, आणि लक्ष ठेवल्याबरोबर स्पीड धाडकन खाली आला, चुका वाढल्या.

तुझ्या बाबतीत तिसऱ्या ओळीनंतर हेच झालं. चूक झाली, भीती वाटली, आणि भीतीने तुला सांगितलं की आता नीट लक्ष देऊन कर. लक्ष दिलंस, आणि जे काम बोटं न विचारता करत होती ते काम डोक्याने आपल्या हातात घेतलं, डोक्याला ते येतच नाही. त्यामुळे 'मन लावून करत नाहीस' हे भावाचं म्हणणं बरोबर उलटं आहे. तू त्या क्षणी नको तितकं मन लावलंस.

दुसरी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते, ती बाबांच्या वाक्याची. २०१३ मध्ये एक अभ्यास छापून आला, तमिळनाडूतल्या ऊस शेतकऱ्यांवर. ४६४ शेतकरी, त्याच माणसांची बुद्धीची कोडी दोनदा घेतली, एकदा ऊस तुटायच्या आधी हात तंग असताना आणि एकदा ऊस गेल्यावर पैसे आले तेव्हा. माणूस तोच, पण तंगीच्या दिवसांत कोडी कमी सुटली. अभ्यासकांनी त्याचा अर्थ असा लावला की पैशाची काळजी डोक्यातली जागा खाते, उरलेल्या जागेत माणूस काम करत असतो. फळगळ झालेल्या वर्षी तू त्या खुर्चीत बसली होतीस. तुझ्या डोक्यात उताऱ्याशिवाय पाच एकर बाग पण होती. याला मनाची कमजोरी म्हणणं मला अन्यायाचं वाटतं आणि मी वर्गात हे दरवर्षी जीव तोडून सांगते.

गोळीचं: डॉक्टरांना विचारल्याशिवाय अजिबात घेऊ नकोस. हात थरथरण्यावर जी गोळी लोक एकमेकांना सुचवतात ती हृदयाचे ठोके कमी करणारी आहे, दम्याच्या माणसाला तर ती धोक्याची ठरू शकते. मैत्रिणीला चालली म्हणून तुला चालेल असं नसतं.

पहाटे_ग्राउंडवर

मॅडमचं बरोबर आहे पण मला थोडं वेगळं सांगायचं आहे. मी पोलीस भरतीच्या पोरापोरींना ग्राउंडची तयारी करून देतो, पहाटे साडेपाचला सुरू. पोरींना ८०० मीटर असते, पोरांना १६०० मीटर, मग १०० मीटर अन् गोळाफेक, मिळून ५० मार्काचं ग्राउंड.

लोक सगळ्यांनाच सांगतात शांत राहा शांत राहा. काहून शांत राहा? १०० मीटरला अन् गोळ्याला अंगात आग लागते ना भाऊ! थंड डोक्यानं गोळा फेकला तं तो पुढे पडतच नाही. पण तीच आग घेऊन पोरगी ८०० ला उभी राहिली तं पहिले २०० मीटर अशी पळते की शेवटच्या २०० ला पाय उचलत नाही. एक पोरगी होती, रोजची वेळ पक्की, पण भरतीच्या दिवशी ग्राउंडवर गर्दी पाहून सुटली ते सुटलीच, शेवटी चालत आली. रडली खूप. मी तिला म्हटलं तुझी ताकद गेली नव्हती, तू ती पहिल्याच राउंडात वाटून टाकली.

म्हणून माझं म्हणणं, टेन्शन वाईट नाही, कोणत्या कामाला किती टेन्शन लागते ते पाहा. टायपिंगला थोडं लागते, डोळे उघडे राहावे इतकं.

शिकवते_मानसशास्त्र

दादा, तुम्ही जे ग्राउंडवर पाहिलंत ते १९०८ मध्ये यर्क्स आणि डॉडसन यांनी उंदरांवर पाहिलं होतं. उंदराला दोन खोक्यांमधलं योग्य खोकं निवडायचं होतं, चुकलं की विजेचा झटका. खोकी ओळखायला सोपी होती तेव्हा झटका जितका जोरात तितके उंदीर लवकर शिकले. फरक ओळखायला कठीण केला तेव्हा मात्र मधल्या जोराचा झटका सगळ्यात चांगला ठरला, जोराच्या झटक्याने उंदीर मागे पडले. साधं काम जास्त धग सहन करतं, बारीक काम कमी. तुमचं गोळा आणि ८०० मीटरचं उदाहरण मी आता वर्गात वापरणार आहे, परवानगी असेल तर.

आणि मामांच्या स्कूटीबद्दल राहिलंच. मदुराईजवळच्या खेड्यांत एक प्रयोग झाला होता, २००९ मध्ये छापून आला. लोकांना काही खेळ दिले, कौशल्याचे आणि लक्ष लागणारे. एका गटाला एका खेळात चांगलं केल्यावर जास्तीत जास्त ४ रुपये, दुसऱ्याला ४०, तिसऱ्याला ४००. त्या गावात ४०० ही फार मोठी रक्कम होती. ४ आणि ४० वाल्यांत फारसा फरक नव्हता. ४०० वाले सगळ्यात वाईट खेळले. बक्षीस डोळ्यांसमोर इतकं मोठं झालं की हातातला खेळच दिसेना. मामांचं प्रेम आहे, त्यांना दुखवू नकोस, फक्त सांग की स्कूटीची गोष्ट चाचणी होईपर्यंत कोणी काढू नका.

महालातला

इतकं सगळं वाचलं. मला वाटते एवढा विचार करायची गरज नाही, रोज दोन तासाचे चार तास करा, स्पीड ५५ वर न्या, मग हॉलमध्ये पंधरा शब्द पडले तरी ४० राहतात. सोपं गणित आहे.

सक्करदऱ्याच्या_काकू

नाही दादा, हे गणित माझ्याकडे फसलेलं आहे. ५० च्या वरचा स्पीड असलेली मुलगी २४ वर आलेली मी पाहिली आहे. पडते ते पंधरा शब्द मोजून पडत नाही, धरण फुटल्यासारखं पडते. शिवाय बंद दाराआड चार तास केलं तर बंद दाराआडचाच स्पीड वाढते. तिला दार उघडं ठेवायची सवय लागली पाहिजे.

बेटा तू असं कर. आधी जुना, कडक कीबोर्ड आण, सीताबर्डीला जुन्या सामानाच्या दुकानात मिळून जाईल, महाग घेऊ नको, जितका खराब तितका चांगला. हेडफोन बंद. रूममेटना म्हणा बोला, भांडी घासा, टीव्ही लावा. आठवड्यातून दोनदा कोणाला तरी मागे उभं राहून पाहायला सांग. आणि सात आठवडे बॅकस्पेसवर कागद चिकटव. पहिले तीन दिवस रडायला येईल, येऊ दे. चाचणीच्या सूचना मात्र नीट वाच, कुठे बॅकस्पेस चालते कुठे बंद असते, चुकीचे मार्क कसे कापतात, ते आधी समजून घे म्हणजे हॉलमध्ये त्याचा विचार करावा लागत नाही.

हात गार पडतात त्याचं पण सांगते. भीतीत रक्त बोटांतून आत जाते, त्यात वरून एसी. माझ्या मुली चाचणीला जाताना पर्समध्ये लोकरीचे हातमोजे नेतात, उन्हाळ्यात सुद्धा. आत बोलावेपर्यंत घालून बसायचं.

सक्करदऱ्याला ये, पैसे नको. माझ्या क्लासमध्ये शनिवारी तीस जण एकत्र बसतात, त्या आवाजात बस.

शिकवते_मानसशास्त्र

काकूंनी जे सांगितलं तेच गोल्फवरच्या एका प्रयोगात निघालं होतं, २००१ मध्ये. एका गटाने एकट्याने सराव केला, एका गटाने समोर कॅमेरा लावून, की हे तज्ज्ञ लोक पाहणार आहेत म्हणून. नंतर सगळ्यांवर दडपण आणलं तेव्हा एकट्याने सराव केलेले घसरले आणि कॅमेऱ्यासमोर शिकलेले घसरले नाहीत. लाजेची, भीतीची सवय सरावातच लागली होती. मोबाईल समोर उभा करून रेकॉर्डिंग लाव आणि क्लिप खरंच कोणाला तरी पाठव, नुसती लावून ठेवू नकोस.

अजून एक. चाचणीच्या आधी दहा मिनिटं एका कागदावर जे जे वाटतंय ते लिहून काढ, बाबा, बाग, भाऊ, 'मी पुन्हा नापास होईन' हे पण. शाळेतल्या मुलांवर हे करून पाहिलंय, २०११ चा अभ्यास आहे, ज्यांना परीक्षेची भीती जास्त होती त्यांना त्याचा फायदा झाला. सगळ्यांना होतोच असं नाही, पण खर्च एका कागदाचा आहे.

इंदोऱ्याचा

मी हा धागा दोन दिवस वाचून राहिलो, लिहू की नको करत होतो.

माझं पण हॉलमध्ये असंच झालं होतं, वेगळ्या कारणानं. इंटरव्ह्यूच्या आधी बाहेर बेंचवर बसलो होतो, शेजारचे दोघं जण यादी पाहून बोलून राहिले होते, हा या कॅटेगरीतला, तो त्या कॅटेगरीतला, यांचं काय कमी मार्कात होऊन जाते. मला उद्देशून नव्हतं. पण आत गेलो तेव्हा मी उत्तरं देत नव्हतो, मी सिद्ध करत होतो. प्रत्येक वाक्य बोलताना डोक्यात चालू होतं की हे ऐकून हे लोक काय म्हणतील. ज्या विषयावर मी मित्रांना तासभर शिकवू शकतो त्या विषयावर मला तीन वाक्यं जुळवता आली नाहीत.

नंतर मला एकानं उत्तर प्रदेशातल्या एका गावातल्या प्रयोगाबद्दल सांगितलं, २००६ मध्ये छापून आलेला. सहावी-सातवीची मुलं, भूलभुलैयाची कोडी सोडवायला दिली. जात कोणाची सांगितली नाही तेव्हा वरच्या जातीची मुलं आणि दलित मुलं सारखीच सोडवत होती. मग सगळ्यांसमोर नाव आणि जात वाचून दाखवली, आणि दलित मुलांची कोडी कमी झाली. तीच मुलं तीच कोडी! मी ते वाचून रात्रभर झोपलो नाही, कारण मला पहिल्यांदा समजलं की त्या दिवशी माझ्यात कमी काय होतं हा प्रश्नच चुकीचा होता, खोलीत काय जास्तीचं आणून ठेवलं होतं ते विचारायला पाहिजे होतं.

माझी आजी १९५६ ला दीक्षाभूमीवर होती. ती शाळेत कधी गेली नाही. मी पुढच्या इंटरव्ह्यूला तिची आठवण घेऊन गेलो आणि बेंचवर बसलोच नाही, नाव पुकारेपर्यंत खाली झाडाखाली उभा राहिलो. एवढाच बदल केला. आज नोकरीवर आहे.

ताई, तुझी गोष्ट वेगळी आहे, पण तुझ्या खोलीत पण कोणी काहीतरी आणून ठेवून राहिलं आहे. भावाला हा धागा वाचायला दे.

जामठा_स्टँड

इंदोऱ्याचे दादा, तुमचं वाचून थांबलो थोडा वेळ. मनापासून.

मी क्रिकेटवाला आहे म्हणून तेच उदाहरण देतो. २०१७-१८ च्या आधी विदर्भाची टीम म्हटलं की आपलेच लोक खांदे उडवायचे. त्या सीझनला रणजी ट्रॉफीत कोलकात्यात कर्नाटकाविरुद्ध सेमीफायनल, ५ धावांनी जिंकलो, आपला फास्ट बॉलर रजनीश गुरबाणी, त्याने दुसऱ्या डावात ७ विकेट घेतल्या. मग इंदूरला दिल्लीविरुद्ध फायनल, त्यात त्याचीच हॅटट्रिक, आणि पहिल्यांदा रणजी आपल्याकडे. पुढच्या वर्षी परत, घरीच, नागपूरच्या जामठा स्टेडियमवर. मग २०२४-२५ ला तिसऱ्यांदा. मी विचार करतो की पोरं तर इथलीच, मैदानं तीच, ऊन तेच. एकदा आपल्या माणसांना जिंकताना पाहिलं की बाकीच्यांचे हात मोकळे होतात.

आणि दिव्या देशमुख आठवा, जुलै २०२५, बाटुमीला महिला बुद्धिबळ वर्ल्ड कपची फायनल, समोर कोनेरू हंपी. दोन्ही क्लासिकल डाव बरोबरीत, मग टायब्रेकमध्ये जिंकली १९ वर्षांची पोरगी. जिंकल्यावर आईला बिलगून रडली ते सगळ्यांनी पाहिलं. ज्यांना वाटते मोठ्या खेळाडूला भावनाच नसतात त्यांनी ते परत पाहावं. होतं सगळं आत, पण डाव संपेपर्यंत थांबलं.

शिकवते_मानसशास्त्र

'आपल्या माणसांना जिंकताना पाहिलं की' हे तुम्ही फार नेमकं बोललात. अल्बर्ट बंडुरा यांनी १९७७ मध्ये मांडलं होतं की 'मला हे जमेल' हा भरवसा चार ठिकाणांहून येतो, आपण स्वतः करून पाहिलं त्यातून, आपल्यासारख्या माणसाला करताना पाहून, दुसऱ्याने सांगितल्यावर, आणि आपल्या शरीराच्या अवस्थेवरून. यात सगळ्यात पक्का पहिला. नुसत्या सांगण्याने आलेला भरवसा लवकर उतरतो, म्हणूनच ते व्हिडिओ तासभर टिकतात. त्यात सांगणारा अनोळखी, आणि रात्री आपले गार हात आपल्याला उलटंच सांगत असतात.

म्हणून शनिवारी काकूंकडे जाच. तीस जणांच्या आवाजात एकदा ३२ आला ना, तर तो रूमवरच्या ४२ पेक्षा मोठा आहे.

आणि झोप लागत नसेल, सारखं रडायला येत असेल, जेवण कमी झालं असेल तर १४४१६ वर फोन लाव, टेली मानस, सरकारी आहे, फुकट आहे, मराठीत बोलतात. चाचणी होईपर्यंत थांबू नकोस त्यासाठी.

संत्र्याच्या_गावची

सात आठवडे होत आले, सांगायला आली आहे.

काकूंकडे पहिल्या शनिवारी २७ आला. तिथेच रडली. काकू काही बोलल्या नाहीत, पाण्याचा ग्लास ठेवला आणि म्हणाल्या पुढचा उतारा लाव. दुसऱ्या शनिवारी २९, तिसऱ्याला ३४. बॅकस्पेसवर अजून कागद आहे, आता बोट तिकडे जातच नाही. कीबोर्ड सीताबर्डीवरून आणला जुना, त्याची स्पेसबार अडकते, तरी त्याच्यावर ३६ येते. रूममेट मागे उभी राहून मुद्दाम फोनवर मोठ्यानं बोलते. एक क्लिप तिनं तिच्या भावाला पाठवली होती, मला आधी खूप राग आला, मग दुसऱ्या वेळी काहीच वाटलं नाही.

सगळ्यात कठीण बाबांशी बोलणं होतं. दोन आठवडे शब्द जुळवून राहिली होती. शेवटी गावी गेली तेव्हा बागेतच बोलली, बाबा, 'तुझं झालं की सगळं सुटते' असं म्हटलं की मला हॉलमध्ये ते ऐकू येते. ते गप्प बसले खूप वेळ. मग म्हणाले, मी तं तुला धीर द्यायला म्हणत होतो. मला माहीत आहे बाबा, म्हटलं. मग त्यांनी मला हिशोब दाखवला, कधीच दाखवला नव्हता आधी. कर्ज आहे पण मी मनात जेवढं धरून बसली होती त्याच्या अर्ध्यापेक्षा कमी आहे, आणि संत्र्याचा आंबिया बहार बरा दिसून राहिला. मला उगाच वाटायचं की सगळं माझ्या दहा बोटांवर आहे.

इंदोऱ्याचे दादा, भावाला धागा वाचायला दिला. तो काही बोलला नाही, पण काल स्वतः कडक कीबोर्डसाठी वायर बदलून दिली.

गोळी घेतली नाही.

चाचणी परवा आहे, सकाळी ९ ला रिपोर्टिंग, ऊन आत्ताच ४२ वर गेलं आहे. पर्समध्ये हॉल तिकीट, कोरा कागद, पेन आणि काकूंनी दिलेले लोकरीचे मोजे. मेट्रोने जाणार आहे म्हणजे ऑटोची चिंता नाही.

सक्करदऱ्याच्या_काकू

मोजे परत आणशील, पुढच्या बॅचच्या पोरीला लागतात. आणि शनिवारी ये, तू आली की ते नवीन चौघं नीट बसतात.